तलावाचं पाणी यंदा पाटाला सोडायचं की पिण्याला राखायचं?

टेलवाला
गावच्या मातीच्या तलावाबद्दल लिहितोय. धुळे तालुक्यातला आहे. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर उद्या पारावर माझीच पूजा मांडतील. यंदा सांडव्यावरून थेंब पडला नाही. परवाच्या ग्रामसभेत दोन तट पडले. एक म्हणतो रब्बीच्या दोन पाळ्या द्या, दुसरा म्हणतो गेटला कुलूप घाला आणि पाणी पिण्याला राखा.

माझं शेत चारीच्या अगदी टोकाला. पाट सुटला तरी माझ्यापर्यंत फक्त सुटल्याची बातमी येते. म्हणून बोलतोय असं कोणी म्हणेल, म्हणू दे. माझं मत: गेट बंद.

हिशोब बघा. जलजीवन मिशनचा निकष माणशी ५५ लिटर. गाव ३,०००चं धरा, रोजचे १ लाख ६५ हजार लिटर, वर्षाचे सहा कोटी. एक हेक्टर गहू काढायचा तर ४० लाख लिटर तरी जातात. म्हणजे पंधरा हेक्टर गव्हाच्या पाण्यात अख्खं गाव वर्षभर पाणी पितं. पंधरा हेक्टर म्हणजे किती जणांचं शेत, तेही सगळ्यांना माहीत आहे. धुळे शहर डेडरगाव आणि नकाणे तलावांचं पाणी पितं, नकाण्यात तर पांझरेचं पाणी कालव्यानं आणून सोडतात. शहराला तलाव राखता येतो, आपल्याला का नाही?

चारी नंबर एक
बाळा, हिशोब चांगला केलास, पण तलाव कागदावर नाही, जमिनीवर आहे. बहात्तरच्या दुष्काळात तुझ्या आजीनं आणि माझ्या आईनं त्या पाळूवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, मातीच्या पाट्या वाहिल्या. बुडीत गेली ती जमीन आमची. तलाव सिंचनाचा, पाणीपट्टी आम्ही भरतो, आणि आता कुलूप?

गावाच्या विहिरीला पाणी येतं कुठून, ते आधी सांग. मी लहानपणापासून बघतोय, पाट सुरू झाला की आठव्या दिवशी मारुतीजवळच्या विहिरीचं पाणी चढतं. तीन पायऱ्या. पाट बंद पडला की महिन्याभरात त्याच तीन पायऱ्या उघड्या. तू गेट बंद करशील आणि विहीरही बंद पाडशील.

शिवाय राखून राखून पाणी देणार कोणाला? उन्हाला?

निवृत्त शाखा अभियंता
आबांच्या शेवटच्या प्रश्नाला आकडा देतो. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या उन्हात उघड्या पाण्यावरून दिवसाला ८ मिलिमीटर उडतात, मे महिन्यात त्याहून जास्त. तेव्हा पाण्याचा पसारा ३० हेक्टर धरला तर रोज २४ लाख लिटर गेले. टेलवाल्यांच्याच हिशोबानं गावाचं चौदा दिवसांचं पाणी ऊन एका दिवसात पितं. लहान तलाव उथळ असतो, पसारा जास्त आणि खोली कमी, त्यामुळे हा मार त्याला सर्वांत जास्त बसतो.

पण म्हणून आबा पूर्ण बरोबर, असंही नाही. आपल्याखाली काळा पाषाण आहे. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तेही थोडंच. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीसारखं पोट आपल्या जमिनीला नाही. पाटानं विहीर चढते हे खरं, पण त्याच पाण्यावर आता किती बोअर टपून बसलेत? आबांच्या लहानपणी मोटा होत्या.

पिण्याला पहिला हक्क, यात वाद नको. राज्याच्या २००३च्या जलनीतीत पिणं पहिलं, उद्योग दुसरा, शेती तिसरी होती. २०११ला शेती दुसऱ्या नंबरवर आली. पिण्याचा नंबर दोन्ही वेळा पहिलाच.

टेलवाला
साहेब, धन्यवाद. मग पहिला हक्क आहे ना? विषय संपला.

चारी नंबर एक
हक्क आहे, पण कोणत्या पाण्यावर? तलावातल्या की विहिरीतल्या? नळाला येतं ते विहिरीचं. तलावात तोंड लावून कोणी पाणी प्यायला मी तरी बघितला नाही. गुरं सोडून.

गाळपेर
मी बुडिताच्या काठावर गाळपेर करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या मलाच. पाणी जसजसं मागं सरतं तसतसा हरभरा पेरत पुढं जातो. तलावात पाणी राखलं तर माझं पीक पाण्याखाली, सोडलं तर माझी मोटर कोरडी. मला काय वाटतं, हे कोणी विचारूच नका.

आप्पा
आते बठ्ठा म्हनतस पानी आमनं. मंग गाळ कोना?

निवृत्त शाखा अभियंता
आप्पांनी नेमकं विचारलं: पाणी सगळेच आमचं म्हणतात, मग गाळ कोणाचा? २०१७ला गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आली तेव्हा बऱ्याच तलावांवर पोकलेन लागले. गाळ निघाला तो कुठून? जिथं ट्रॅक्टर सहज उतरतो तिथून. गेटच्या तोंडाशी चिखल तसाच. विमोचकाच्या, म्हणजे पाटाला पाणी सोडणाऱ्या गेटच्या, उंबऱ्याखालचं पाणी म्हणजे मृत साठा, ते पाटाला जातच नाही, आणि गाळ त्या उंबऱ्याच्या वर आला की गेटचं तोंडच बुजतं.

एक विनंती मात्र करतो. गाळाच्या नादात पाळूच्या आतल्या पायथ्याशी कोणी खोदू नका. तिथं काळ्या मातीचा थर असतो, तोच पाणी अडवतो. तो खरवडला आणि खालचा मुरूम उघडा पडला की पाणी पाळूच्या पोटाखालून वाट काढतं. पाळूवरची बाभळं आणि वेडी बाभूळही काढा. झाड मेलं की मूळ कुजतं आणि तिथं नळी तयार होते. मातीच्या धरणातून स्वच्छ पाणी पाझरलं तर घाबरायचं कारण नाही, त्यासाठीच पायथ्याला दगडी चर ठेवलेला असतो. गढूळ यायला लागलं की मात्र रात्री झोपायचं नाही. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूणकडचं तिवरे धरण फुटलं, तेही मातीचंच होतं.

टेलवाला
साहेब, आपल्या पाळूवर तर बाभळीचं बन आहे. शेळ्या चारायला लोक तिथंच नेतात. उंदीर-घुशींची बिळंही आहेत. आता भीती वाटायला लागली.

हंडा-कळशी
मी सून म्हणून या गावात येऊन अकरा वर्षं झाली. इतका वेळ वाचत होते, आता लिहिते. तुम्ही सगळे पुरुष गेट बंद की उघडं यावर भांडताय. ते गेट बंद होतं तरी का?

आम्ही बायका धुणं कुठं धुतो माहीत आहे का? गेटच्या खाली, पाट जिथून निघतो तिथं. पाट सुरू असतो तेव्हा पाण्याला जोर असतो, धुता येत नाही. गेट "बंद" असलं की धुतो. बंद गेटच्या पाण्यावर! चाकाचा दांडा वाकलाय, गेटची झडप पूर्ण खाली बसत नाही. फटीत कोणीतरी पोत्यात पेंढा भरून कोंबलाय, तोही कुजलाय.

हा धागा वाचून काल मी बादली लावली. १५ लिटरची, मोबाइलवर वेळ लावून. तीनदा भरली, साडेसात सेकंदांच्या आसपास. म्हणजे सेकंदाला दोन लिटर. दिवसाचे किती होतात ते टेलवाल्या भाऊंनी करावं, त्यांना हिशोबाची हौस आहे.

टेलवाला
१ लाख ७२ हजार ८००.

म्हणजे गावाच्या रोजच्या पाण्यापेक्षा जास्त. ताई, दोनदा करून बघितलं.

चारी नंबर एक
ते पाणी वाया कुठं जातं? खाली नाल्यानं येतं, माझ्या विहिरीला लागतं.

टेलवाला
आबा! म्हणजे तुम्हाला पाळी न सुटताच पाळी मिळते. म्हणून इतकी वर्षं गेटचा अर्ज कोणी केला नाही होय.

चारी नंबर एक
अर्ज केलाय. दोनदा. साहेब येऊन बघून गेले, फोटो काढला. तू तेव्हा नाशिकला होतास.

निवृत्त शाखा अभियंता
आबांनी अर्ज केला होता, मला माहीत आहे. (मी तिथं नव्हतो, बदली झालेली होती. उगाच माझ्याकडे बघू नका.) दांडा सरळ करणं आणि रबराचं सील बदलणं मोठं काम नाही, पण गेटवर पाणी असताना ते होत नाही, आणि पाणी नसतं तेव्हा कोणाला आठवत नाही.

आता पाळीचं. आपल्या पांझरेकाठी फड पद्धत शेकडो वर्षं चालली. पाटाखालच्या सगळ्या रानाला थळ म्हणायचं, त्याच्या एकेका भागाला फड. पाणी कमी असेल त्या वर्षी सगळं थळ भिजवायचं नाही, फड कमी करायचे. जो फड भिजेल त्यात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पाणी वाटणारा पाटकरी देईल तसं पाणी घ्यायचं. आज एका चारीवर एकाचा कांदा, दुसऱ्याचा गहू, तिसऱ्याचा ऊस. प्रत्येकाची पाळी वेगळ्या दिवशी लागते, मग पाट पंधरा-पंधरा दिवस वाहतो आणि निम्मं पाणी पाटच पितो. एकच पाळी, डिसेंबरात, फक्त हरभऱ्याला, पाट आठ दिवसांच्या वर नाही, असं ठरवता येईल. विहिरीही चढतील. उरलेलं राखा.

चारी नंबर एक
हरभऱ्याला कबूल. ऊसवाल्याचं तोंड कोण धरणार?

गाळपेर
ऊसवाला ग्रामसभेत पहिल्या खुर्चीवर बसतो, तुम्हीच धरा.

टेलवाला
माझं मत अजून बदललेलं नाही. पाळी द्यायची तर टेलपासून सुरू करा, हेडपासून नको. तोंडाशी बसणाऱ्यांनी एकदा वाट बघून बघावी. आबा, हे मान्य असेल तर मी गेट बंदचा हट्ट सोडतो.

चारी नंबर एक
विचार करतो.

टेलवाला
रविवारी मी येतोय. गेजपट्टीवर पाणी किती ते वाचून इथं टाकतो. साहेब, तुम्हीही या, दांडा बघू. वेल्डिंगवाला मी घेऊन येतो.

हंडा-कळशी
नऊच्या नंतर या. तोपर्यंत आमचं धुणं असतं.