मोठ्या कापडी कुंड्यांना आपोआप पाणी: तुमचे अनुभव लिहा

ओलीमाती
माळा आवरताना काळ्या नळीचं एक भेंडोळं हाती लागलं. ड्रिपर, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या बारीक तोट्या, तसेच लावलेले, तोंडाशी क्षाराचे पांढरे थर. बाबांनी जोडलेलं ठिबक होतं ते. आई दवाखान्यात, आम्ही सगळे तिकडेच, आणि गच्चीवरच्या कापडी कुंड्यांकडे बघायला घरात कोणी नाही. बाबांनी एका संध्याकाळी टाकी, नळी, टायमर असं सगळं जोडून टाकलं. आईने घरी आल्यावर चपला काढायच्या आधी लिंबाची चौकशी केली. लिंबू टवटवीत होतं.

आता माझ्याकडेही साठ ते शंभर लिटरच्या ग्रो बॅगा आहेत. कापडी कुंडीचं सुख म्हणजे मूळ कापडापर्यंत पोचलं की त्याचं टोक हवेने वाळतं आणि मागून नवे फाटे फुटतात, प्लॅस्टिकच्या कुंडीसारखं गोल गोल गुंडाळत बसत नाही. पण त्याच कापडातून पाणी चारी बाजूंनी उडून जातं. त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एकदा कोरडंठाक झालं की पाणी घेतच नाही. वरून ओतलेलं पाणी माती आणि कापडाच्या फटीतून थेट खाली, आणि आपल्याला वाटतं झाड पोटभर प्यालं.

सर्वात जास्त मी शिकले ते एक कुंडी रिकामी करताना. मधोमध एकच ड्रिपर होता. त्याच्या खाली मुठीएवढ्या जाडीचा ओला खांब, सगळी मुळं त्या खांबाला बिलगलेली, आणि भोवतीचा सगळा भुसा झटकला तर उडेल असा. मोकळ्या, हलक्या मिश्रणात पाणी आडवं पसरत नाही, सरळ खाली जातं. तेव्हापासून मोठ्या कुंडीत ड्रिपर असलेल्या नळीचं पूर्ण कडं घालते, खोडापासून जरा लांब. तासाला दोन लिटरचे चार ड्रिपर अर्धा तास चालले की चार लिटर पाणी सगळीकडे मुरतं.

तुम्ही काय करता? रोज लक्ष द्यावं लागणार नाही असं काही असेल तर नक्की लिहा.

पाचोळा
कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. आच्छादन! आधी चार बोटं वाळका पाला पसरायचा, मग ठिबकाचा विचार. आणि कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवा. मधल्या कुंड्यांच्या बाजूंना ऊन-वारा लागत नाही, त्या उशिरा सुकतात. बाकी नंतर.

वाफसा
ओलीमाती, कड्याला शंभर टक्के अनुमोदन. मी दाबाबद्दल लिहितो, कारण लोक तिथेच अडतात.

दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. म्हणजे स्टुलावर ठेवलेली टाकी एक मीटर उंच असेल तर मिळतो त्याचा दहावा हिस्सा. दाब कमी-जास्त झाला तरी पाणी सारखंच सोडणारे जे ड्रिपर येतात त्यांना याहून बराच जास्त दाब लागतो, त्यामुळे अशा टाकीवर ते नीट चालत नाहीत, आणि माणूस ड्रिपरला नावं ठेवतो. टाकीवर चालवायचं तर साधे, फिरवून कमी-जास्त होणारे ड्रिपर घ्या, मुख्य नळी सोळा मिलिमीटरची ठेवा आणि सगळ्या कुंड्या एका पातळीत. नाहीतर खालची कुंडी डुंबते आणि वरची तहानलेली.

टायमरचंही तसंच. बऱ्याच टायमरमध्ये सोलेनॉइडचा, म्हणजे विजेच्या चुंबकाने चालणाऱ्या झडपेचा, पडदा असतो, त्याला उघडमीट करायला पाण्याचाच दाब लागतो. कमी दाबावर तो उघडत नाही किंवा पूर्ण मिटत नाही आणि थेंब थेंब चालूच राहतो. टाकीसाठी आत बॉल व्हॉल्व्ह फिरवणारा टायमर घ्यायचा, तो शून्य दाबावरही चालतो. विकत घेताना खोक्यावर हे एवढं वाचाच.

आणि फिल्टर. फिल्टरशिवाय ठिबक लावू नका, हात जोडून सांगतो.

उंबरठा
वाफसा दादा, हे आधी कुणी सांगितलं असतं तर! आमचा टायमर थेंब थेंब का गळतो ते आज कळलं.

आमच्याकडे वेगळंच झालं. ऑनलाइन आलेला मोटरचा संच. टायमर बरोबर बंद झाला, मोटर बंद झाली, पाणी काही थांबेना. टाकीतली पातळी ड्रिपरच्या वर होती, एकदा नळी भरली की पाणी आपसूक ओढलं जातं. रातोरात अख्खी टाकी फरशीवर आणि तिथून खालच्यांच्या छताला ओल. माहितीपत्रकात याबद्दल अवाक्षर नाही. खालच्या काकू बिचाऱ्या एक शब्द बोलल्या नाहीत, उलट पुसायला फडकी घेऊन वर आल्या. अजून आठवलं की भरून येतं.

पाचोळा
अगं बाई! काकूंना आमचाही नमस्कार सांग.

वाफसा
उंबरठा, यावर सोपा उपाय आहे. नळी टाकीच्या आतून वर येते तिथे, पाण्याच्या पातळीच्या वर, सुईने एक बारीक भोक पाडा. मोटर चालू असताना तिथून उडालेली चिळकांडी टाकीतच पडते. मोटर बंद झाली की त्यातून हवा आत शिरते आणि ओढ तुटते. नाहीतर टाकी कुंड्यांच्या खालच्या पातळीवर ठेवायची.

झारी
मी वीज, टायमर, मोटर काहीच वापरत नाही. खाली पसरट टब, त्यात पाणी, त्यावर जाळी आणि जाळीवर कापडी कुंडी. कुंडीच्या बुडातून नायलॉनच्या दोरीच्या वाती पाण्यात सोडलेल्या. सुती दोरी नको, ती कुजते. पाणी वातीने वर चढतं, झाड हवं तेवढं घेतं.

दोन गोष्टी मात्र लक्षात घ्या. पाणी असं चढून चढून वीतभर, फार तर त्याच्या थोडं वर जातं. उंच कुंडीचा माथा कोरडाच राहतो. म्हणून नवीन रोप लावलं की मुळं खाली उतरेपर्यंत वरूनच पाणी घालायचं. आणि क्षार सगळे वर येऊन साचतात, मातीवर आणि कापडावर पांढरी साय धरते. अधूनमधून वरून भरपूर पाणी ओतून ते धुऊन काढायचे. पावसाळ्यात हे काम पाऊसच करतो.

गवतफुला
झारी ताई, टबात डास होत नाहीत का? आमच्या घरात डेंग्यू होऊन गेलाय, त्यामुळे उघडं पाणी बघितलं की छातीत धस्स होतं.

झारी
काळजी बरोबर आहे गं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. माझ्या टबाच्या कडेला सगळीकडून बारीक जाळी घट्ट बांधलेली आहे, आणि आठवड्यातून एकदा टब रिकामा करून घासतेच. घासणं महत्त्वाचं, अंडी कडेला चिकटून राहतात. तेवढं जमणार नसेल तर वातीच्या वाटेला जाऊ नको, ठिबकच बरं. आता घरात सगळे बरे आहेत ना?

गवतफुला
हो, सगळे ठणठणीत. विचारलंत, बरं वाटलं 🙂

चिखलपाय
मडकं! कुणीच कसं लिहिलं नाही? बिनरंगाचं, बिनझिलईचं भाजलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, वर झाकण. माती कोरडी असली की पाणी झिरपतं, ओली असली की झिरपणं मंदावतं. आपल्याला काही ठरवावंच लागत नाही. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या ग्रंथात ही रीत लिहिलेली आहे. शंभर लिटरच्या कुंडीत एक मध्यम मडकं बसतं. महिन्याभराने हलकेच माती बाजूला करून बघितलं तर मडक्याच्या अंगावर केसांसारखी पांढरी मुळं नुसती लगडलेली होती. इतका आनंद झाला की घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

मडक्याला वरून नळी आणि बॉल कॉक जोडला की भरायचंही काम संपतं. तो भाग अजून करायचाय.

वाफसा
सुंदर. पाणी जड असेल तर मडक्याची छिद्रं हळूहळू बुजतात, मग व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून घासा.

शेंडा
खारींचं काय करता? नळ्या कुरतडतात. उन्हाळ्यात तर रोज एक नवीन कारंजं.

पाचोळा
त्यांनाही तहान लागते हो. आम्ही कोपऱ्यात एक पसरट वाडगं पाणी भरून ठेवतो, तेव्हापासून नळ्यांना फारसा त्रास नाही. आणि नळ्या पाल्याखाली झाकून टाका.

शेंडा
वाडगं ठेवून बघतो. आमच्याकडे सध्या मिरचीच्या कुंडीत मांजरीने पिल्लं घातलीत, त्यामुळे त्या कुंडीचं ठिबक बंद आहे. मिरची गेली तरी चालेल.

ओलीमाती
शेंडा, पिल्लांचा फोटो टाकाच!!

जोडतार
मी मातीतल्या ओलाव्याचे सेन्सर लावून बघितले. दोन उघड्या दांड्यांचे स्वस्त सेन्सर घेऊ नका, त्यातून वीज जाते आणि दांड्या गंजून झिजतात. कपॅसिटिव्ह प्रकारचे (ज्यांत धातू उघडा नसतो) टिकतात, पण पट्टीच्या कडा आणि वरचा भाग रोगणाने नीट बंद करावा लागतो. शिवाय कापडी कुंडीत कडेला एक आकडा आणि मधे भलताच. म्हणून पाणी टायमर देतो, सेन्सर फक्त फोनवर कळवतो. गावाला गेल्यावर तेवढाही फार आधार वाटतो.

वीज नकोच असेल तर मातीच्या शंकूचे ड्रिपर बघा. शंकू पाण्याने भरून मातीत खोचायचा. माती सुकली की ती शंकूतलं पाणी ओढते, आत ओढ तयार होते, पडदा सरकतो आणि दाबलेली बारीक नळी मोकळी होते. टाकीच्या कमी दाबावर छान चालतं. शंकू आधी पाण्यात बुडवून पूर्ण भिजवायचा, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. माझ्या मते मोठ्या कापडी कुंडीला याहून चांगलं काही नाही, फक्त एका कुंडीत निदान दोन-तीन हवेत.

ओलीमाती
जोडतार, हे करून बघणार. चिखलपाय, तुमची मुळं डोळ्यांसमोरून जात नाहीत.

बाबांचे ड्रिपर सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात रात्रभर भिजत घातले होते. बरेचसे मोकळे झाले. नळी मात्र उन्हाने कडक झालीय, वाकवली की तडकते.

वाफसा
नळी नवीनच घ्या. काळीच घ्या, पारदर्शक नळीत शेवाळं धरतं. शेवटच्या टोकाला उघडता येणारी टोपी लावा, महिन्यातून एकदा उघडून गाळ वाहू द्या.

उंबरठा
सुईने भोक पाडलं. मोटर बंद, पाणी बंद! काकूंनाही वर बोलावून दाखवलं. त्यांना त्यांच्या गॅलरीत दोन मोठ्या कुंड्या ठेवायच्यात. किती वजन होईल?

वाफसा
शंभर लिटरची कुंडी भिजली की झाडासकट शंभर किलोच्या आसपास धरून चाला, माती जास्त घातली तर आणखी. गॅलरी बाहेर काढलेली असेल तर भिंतीलगत ठेवा आणि आधी इंजिनियरला दाखवा. त्यांना साठ लिटरच्या सुचवा.

शेंडा
पिल्लांचा फोटो टाकलाय. तीन आहेत. एकाने ड्रिपर तोंडात धरलाय.