पणजोबांचं फ्रीमेसन प्रमाणपत्र: लॉज आणि चॅप्टर यांचं नातं काय?

मंजिरी_पुणे:
नमस्कार मंडळी. आमचा सदाशिव पेठेतला वाडा पुनर्विकासाला दिलाय, म्हणून माळा रिकामा केला. पणजोबांच्या ट्रंकेत फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघटनेची दोन इंग्रजी प्रमाणपत्रं आणि एक पांढरा एप्रन निघाला. एप्रनला लाल-निळ्या त्रिकोणी दात्यांची किनार आहे. एका कागदावर लॉजचं, म्हणजे त्यांच्या स्थानिक शाखेचं, नाव आहे, दुसऱ्यावर ‘रॉयल आर्च चॅप्टर’ असं. दोन्हींवर नंबर मात्र एकच! आजीनं बजावलंय म्हणून नाव-नंबर इथे टाकत नाही. पणजोबा पीडब्ल्यूडीत होते, सन १९१० च्या आसपासची गोष्ट. ही एकच संस्था होती की दोन? आणि पुण्यात हे आलं कुठून? काका म्हणतात, भंगारात द्या. माझा जीव होत नाही.

कॅम्पातला_वाचक:
चॅप्टर म्हणजे लॉजच्या पुढची पायरी, एवढं ऐकून आहे. आधी लॉजमध्ये तीन पदव्या, म्हणजे दीक्षेचे टप्पे, मग चॅप्टर. पण नंबर एकच कसा, ते मला सांगता येणार नाही. शुभदाताई इथे असतात, त्यांना विचारा.

शुभदा_गिरगाव:
मंजिरी, आधी एक विनंती. काकांना सांग, भंगारात काहीही जाणार नाही. माझे सासरे मुंबईतल्या एका लॉजमध्ये पुष्कळ वर्षं होते. त्यांच्यामागे त्यांचे कागद मीच लावले, त्यातूनच हा विषय वाचायला लागले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या एकाच नंबरात आहे. इंग्लंडच्या पद्धतीत रॉयल आर्चचं चॅप्टर स्वतंत्रपणे उभं राहत नाही. ते कुठल्यातरी लॉजला जोडलेलं असतं आणि त्याच लॉजचा नंबर लावतं. आधाराचं लॉज बंद पडलं, तर चॅप्टरला दुसरं लॉज शोधावं लागतं. स्कॉटलंडच्या पद्धतीत तसं नाही. तिथे चॅप्टरं एडिंबराच्या आपल्या वेगळ्या वरिष्ठ संस्थेखाली येतात, त्यांचे नंबर वेगळे, लॉजच्या नंबराशी त्यांचा संबंध नाही. म्हणजे पणजोबा बहुधा इंग्लिश शाखेत होते. कागदावर लंडनचा उल्लेख आहे का, ते बघ. ‘मार्क’ किंवा ‘एक्सलंट मास्टर’ हे शब्द दिसले तर मात्र स्कॉटिश शक्यता पुन्हा तपासावी लागेल, कारण तिकडे रॉयल आर्चच्या आधी त्या पायऱ्या असतात. एप्रन तर नक्की चॅप्टरचाच. इंग्लिश लॉजमधल्या साध्या सभासदाच्या एप्रनची किनार फिकट निळी असते, लाल रंग तिथे येत नाही.

आता पुणे. इथला इतिहास मला फार आवडतो, म्हणून थोडं लांबेल. ‘ओरायन इन द वेस्ट’ हे लॉज १५ नोव्हेंबर १८२३ ला पुण्यात सुरू झालं, मुंबई तोफखान्यातल्या लोकांचं. पेशवाई जाऊन पाच वर्षं झाली होती फक्त! त्यांना परवाना मिळाला तो मद्रासकडच्या प्रांतिक ग्रँड लॉजकडून, म्हणजे लॉजांच्या वरच्या प्रांतिक संस्थेकडून. सुरुवातीच्या नोंदींत ‘चौथ्या पदवीच्या खुर्चीत’ बसवल्याचा उल्लेख येतो, फी तीन सोन्याच्या मोहरा. हा चॅप्टरकडे जाण्याचा रस्ता होता. रॉयल आर्चमध्ये पूर्वी लॉजचा मास्टर, म्हणजे प्रमुख, होऊन गेलेल्यालाच घेत. ज्याला तो मान मिळाला नसेल, त्याला विधीपुरता खुर्चीत बसवून पात्र करून घेत. तेव्हा पुण्यात चॅप्टरची ओढ पहिल्यापासून होती, असं मी मानते.

पुढे कळलं की हे लॉज मद्रासला वर्गणी भरत राहिलं आणि लंडनला त्याचा पत्ताच नव्हता. मग थेट अर्ज केला आणि १८३३ मध्ये इंग्लंडच्या ग्रँड लॉजचा परवाना मिळाला, नंबर ५९८. १८६३ मध्ये सगळ्या इंग्लिश लॉजांचे नंबर बदलले, तेव्हा तेच ४१५ झालं. मुंबईच्या सेंट जॉर्ज लॉजचंही तसंच, ८०७ चं ५४९. जुन्या कागदाचा काळ ठरवायला नंबर फार उपयोगी पडतो.

मधल्या काळात मुंबईत स्कॉटिशांची सरशी झाली. कंपनीच्या नोकरीतले डॉक्टर जेम्स बर्न्स १८३६ मध्ये पश्चिम हिंदुस्थानचे स्कॉटिश प्रांतिक ग्रँड मास्टर नेमले गेले. काबूलमध्ये मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सचे हे भाऊ. माणूस असा कर्तबगार की मुंबईचं ‘पर्सिव्हरन्स’ लॉज इंग्लिश छत्र सोडून दागिने-सामानासकट त्यांच्याकडे गेलं. याच पर्सिव्हरन्समध्ये माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना प्रवेश नाकारला गेला होता. त्यांनी हार मानली नाही, पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली. आणि १८४३ मध्ये बर्न्सनी हिंदी लोकांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज काढलं, माणकजी संस्थापकांत होते. मुंबईत मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठी शाळा काढणारे माणकजी ते हेच. दार उघडलं ते बर्न्सनी, पण ठोठावत राहिले माणकजी, आणि माझ्या मते मोठं श्रेय त्यांचं. तुझ्या पणजोबांसारख्या मराठी नोकरदाराला पुढे आत पाऊल टाकता आलं, त्यामागे हा हट्ट आहे.

मंजिरी_पुणे:
ताई, खूप आभार. बघितलं, दोन्ही कागदांवर लंडन आहे, ‘मार्क’ कुठेही नाही. काकांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं, ट्रंक आता माझ्याकडे आलीय! स्वातंत्र्यानंतर या सगळ्यांचं काय झालं? आणि पणजोबांचं नाव कुठल्या दप्तरात सापडेल का?

शुभदा_गिरगाव:
वा, मग इंग्लिशच. २४ नोव्हेंबर १९६१ ला दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं, रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड तिघांच्याही संमतीनं. प्रत्येक लॉजला आपलं ठरवायची मुभा होती. बरीच नव्या संस्थेत आली, काही आपल्या जुन्या छत्राखालीच राहिली. म्हणून कुणालाही विचारताना आधी नंबर आणि ‘इंग्लिश’ हे दोन्ही सांग.

नावाचं म्हणशील तर इंग्लिश शाखेच्या सभासदांच्या नोंदवह्या लंडनला ग्रेट क्वीन स्ट्रीटवरच्या फ्रीमेसन्स हॉलमध्ये आहेत. १९२१ पर्यंतच्या वह्या वंशावळीच्या संकेतस्थळावर शोधता येतात, त्यामुळे १९१० चा माणूस त्यात यायला हवा. नाव, वय, व्यवसाय, राहण्याचं ठिकाण असे रकाने असतात. फक्त नावानं शोधू नकोस. तिकडच्या कारकुनांनी आपली आडनावं कशीही लिहिली आहेत, कधी वडिलांचं नावच आडनाव म्हणून घातलंय. आधी लॉजचा नंबर घाल, मग पुणे, मग त्या दोन-तीन वर्षांतली सगळी नावं ओळीनं वाच. ‘इंजिनिअर’, ‘ओव्हरसीअर’ किंवा ‘पी. डब्ल्यू. डी.’ असं दिसलं की थांब. मुंबईत स्टर्लिंग थिएटरजवळ फ्रीमेसन्स हॉल आहे, तिथेही लेखी विचार, सोबत दोन्ही कागदांचे फोटो जोड.

आणि कागद लॅमिनेट करू नकोस गं. सुती कापडात सपाट ठेव, एप्रन घडी न घालता.