प्रतिसाद: गोधडी आणि क्विल्ट एकच का?
वर विचारलंय ना गोधडी आणि क्विल्ट एकच का, तर अगदी एकच नाही. क्विल्टमधे वर तुकडे जोडलेलं कापड, मधे बॅटिंग म्हणजे कापसासारख्या भरावाचा थर, खाली अस्तर, आपल्या गोधडीत जुन्या साड्यांचेच थर आणि सगळीकडून धावदोरा. आज मिनेसोटात सकाळपासून बर्फ पडतोय म्हणून मी आईच्या दोन सुती साड्या घेऊन तेच करत बसलेय, गॅसवर गाजर हलवा आटतोय आणि खिडकीबाहेर पक्ष्यांसाठी दाणे ठेवायच्या फीडरवर कार्डिनल पक्ष्यांची जोडी आलीये, नर लालभडक, बर्फात काय सुंदर दिसतो! चिकडी नावाचे चिमुकले पक्षी मात्र सूर्यफुलाची एकेक बी उचलून नेऊन लपवून ठेवतात, जेमतेम १०-१२ ग्रॅमचा जीव, थंडीच्या रात्री अंगाचं तापमान खाली आणून तग धरतो, मला फार कौतुक वाटतं त्यांचं. आत्ताच परत दाणे भरून आले.