वेळापत्रक उशिरा लागतं, त्याचा भुर्दंड सोलापूरकरानं का सोसायचा?

पार्कचा_प्रेक्षक

पुण्या-मुंबईच्या माणसाला क्रिकेटच्या सामन्याची तारीख आठवडाभर आधी कळली तरी भागतं. अर्धा दिवस सुट्टी टाकली की तो मैदानावर. आम्हाला सोलापुरातून गहुंजेला, पुण्याच्या स्टेडियमवर, जायचं म्हणजे अडीचशे किलोमीटर, वर पुणं ओलांडायचं. दुपारी दोनचा सामना रात्री दहाला संपतो आणि परतीची हुतात्मा एक्सप्रेस पुण्याहून संध्याकाळी सहालाच सुटते. म्हणजे मुक्काम आला, रजा दोन दिवसांची झाली. हे सगळं तारखेवर अवलंबून असतं आणि तारीखच आपल्याकडे सगळ्यात शेवटी येते.

२०२३ चा वर्ल्डकप घ्या. सुरू होणार ५ ऑक्टोबरला, वेळापत्रक आलं २७ जूनला, मोजून शंभर दिवस आधी. इंग्लंडमधल्या २०१९ च्या वर्ल्डकपचं वेळापत्रक वर्षभराहून जास्त आधी लागलं होतं. त्या वेळी रेल्वेचं बुकिंग १२० दिवस आधी उघडायचं. भारत-बांगलादेश सामना १९ ऑक्टोबरला पुण्यात आहे हे आम्हाला कळायच्या आतच त्या दिवसाचं बुकिंग सुरू झालं होतं. पुढे ९ ऑगस्टला नऊ सामन्यांच्या तारखा-वेळा बदलल्या. अहमदाबादचा भारत-पाकिस्तान सामना १५ ऑक्टोबरवरून १४ ला आला. पुण्यातल्या भारताच्या सामन्याची तिकिटं विक्रीला निघाली ३१ ऑगस्टला.

माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. कॉमेंट्री रेडिओवर ऐकली, मॅच टीव्हीवर पाहिली, पण आंतरराष्ट्रीय सामना मैदानात बसून एकदाही नाही. म्हटलं, गुडघे साथ देतायत तोवर नेऊन आणू. हुतात्माची तिकिटं काढली, चुलतभावाला मुक्कामाचं सांगून ठेवलं, दिवाळीआधीच्या घाईत कारखान्यातून दोन दिवस मागून घेतले. ३१ ऑगस्टला संध्याकाळी तीन फोन घेऊन बसलो. वडील चष्मा लावून शेजारी, रांगेची रेघ कुठवर सरकली ते बघत. दर पाच मिनिटांनी विचारायचे, "आपला नंबर आला का रे?" नंबर आला तेव्हा स्क्रीनवर सगळे स्टँड करडे झाले होते, तिकिटं संपली होती. ते काही बोलले नाहीत. उठून झोपायला गेले. कोहलीचं शतक त्यांनी घरी टीव्हीवरच बघितलं.

खाकीघरातली

दादा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्हाला तिकीट मिळालं नाही ते मागणी जास्त म्हणून. तारीख वर्षभर आधी लागली असती तरी मैदान तेवढंच होतं.

माझे मिस्टर पोलीस खात्यात आहेत. सामना तुमच्यासाठी एक दिवसाचा, बंदोबस्त आदल्या दिवसापासून लागतो. अहमदाबादची तारीख नवरात्रामुळे बदलली, कोलकात्याची कालीपूजेमुळे. दोन्हीकडे पोलिसांची अडचण होती. उशिरा सांगा, पण पक्कं सांगा, असं माझं म्हणणं.

पार्कचा_प्रेक्षक

वहिनी, दाते पंचांग आपल्या सोलापुरातून निघतं. २०२३ चं लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आहे हे त्यात आधीच छापलेलं होतं. तरी पुण्यातला ऑस्ट्रेलिया-बांगलादेश सामना आधी १२ तारखेलाच ठेवला आणि ऑगस्टमध्ये ११ ला, सकाळी साडेदहावर नेला. घटस्थापना १५ ऑक्टोबरला हेही पंचांगात होतंच. तारीख ठरवायला बसले तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर कुणीच बघितलं नाही का? आणि उशिरा लागलेलं वेळापत्रक पक्कं तरी कुठे राहिलं?

मैदान तेवढंच, मान्य. पण तिकीट सहा-आठ महिने आधी विका. नाही मिळालं तर नाही मिळालं, निदान दुसऱ्या सामन्याची तयारी करता येते. पुण्यात पाच सामने होते. वडील न्यूझीलंड-दक्षिण आफ्रिकाही आनंदानं बघायला आले असते. पण माझी रजा १९ तारखेची मंजूर झालेली, ती १ नोव्हेंबरला कोण हलवून देणार?

खाकीघरातली

पंचांगात सण असतो, बंदोबस्त नसतो. त्याच वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबरला. महाराष्ट्रात जुलूस पुढे ढकलायचं समाजाच्या मंडळींनी समजुतीनं ठरवलं आणि सुट्टी २९ ची झाली. हे कुठल्या पंचांगात लिहिलं होतं? हैदराबादला २९ तारखेचा पाकिस्तान-न्यूझीलंड सराव सामना प्रेक्षकांशिवाय खेळवावा लागला, कारण सणांमुळे पोलीस मोकळे नव्हते. तिकीट काढलेल्या लोकांचं काय झालं असेल बघा. विसर्जनाला आमच्याकडे माणूस छत्तीस-छत्तीस तास घरी येत नाही. पायातले बूट काढले की तळव्याची कातडी सोललेली असते. त्यालाच दुसऱ्या दिवशी स्टेडियमच्या गेटवर उभं करायचं का?

जुळेसोलापूर_४

वेळापत्रक नसतंच असं नाही. २०२३ ते २०२७ चा दौऱ्यांचा कार्यक्रम आयसीसीनं ऑगस्ट २०२२ मध्येच जाहीर केलाय. शिवाय १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं बुकिंग ६० दिवसांवर आलंय. २०२६ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपचं वेळापत्रक २५ नोव्हेंबरला आलं आणि स्पर्धा ७ फेब्रुवारीला, म्हणजे ७४ दिवस. रेल्वेची तक्रार आता संपली.

नवीपेठ_दुकानदार

दौऱ्यांच्या कार्यक्रमात कोण कुणाकडे कधी खेळणार एवढंच असतं ओ. गाव नसतं, तारीख नसते. ते वाचून मी दुकान कुणाच्या भरवशावर टाकून जाऊ? इंग्लंडनं २०२५ च्या भारत दौऱ्याच्या तारखा मैदानांसकट ऑगस्ट २०२४ मध्ये लावल्या, पहिली कसोटी होती २० जूनला. तिथेही पाऊस आहे, पोलीस आहेत.

जुळेसोलापूर_४

आपल्या क्रिकेट मंडळानंही २०२५ च्या घरच्या कसोट्या २ एप्रिलला जाहीर केल्या होत्या, पहिली ऑक्टोबरात. दिल्लीच्या नोव्हेंबरातल्या हवेवरून ओरड झाली तेव्हा जूनमध्येच दिल्ली-कोलकात्याच्या कसोट्यांची अदलाबदल केली. चांगलं झालं तेही सांगा की.

पार्कचा_प्रेक्षक

सांगतो की. ते चांगलंच केलं, आणि माझं मागणं नेमकं तेवढंच आहे. सहा महिने आधी जाहीर करा, बदल करायचा तर चार महिने आधी करा. घरच्या मालिकेला जमतं, मग वर्ल्डकपला का नाही? ७४ दिवसांत रेल्वे जमेल, पण परतीची सिद्धेश्वर एक्सप्रेस मुंबईहून रात्री अकराच्या आत सुटते आणि वानखेडेवरचा सातचा सामना तेव्हा ऐन रंगात असतो. मुक्काम आलाच, रजा आलीच. कारखान्यात रजेचा तक्ता तीन महिन्यांचा लागतो.

वहिनी, तळव्याचं वाचलं आणि माझं एक म्हणणं मागे घेतो. सणाच्या आगेमागे दोन दिवस सामना नकोच. पण मग तसा नियम आधीच करा. ऑगस्टमध्ये जाग येऊ नये.

खाकीघरातली

तसा नियम झाला तर आमच्या घरात पेढे वाटू. तारखा वर्षभर आधी लावायच्या हे मात्र मला अजून पटत नाही, निवडणूक लागली की सगळं मोडतं.

वडिलांना घेऊन जाणार असाल तर कळवा. माझी बहीण देहूरोडला राहते, गहुंजे तिथून जवळ आहे. तिचं घर तळमजल्यावर आहे, जिना चढावा लागत नाही.