प्रतिसाद: पटवर्धनांची माणसे

वैद्यकीय शिक्षणामुळेच चित्रकार सुधीर पटवर्धनांच्या चित्रांतील माणसे इतकी ठाशीव झाली, हे मत मला अपुरे वाटते. 1949 साली पुण्यात जन्मलेले पटवर्धन तेथील सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून 1972 मध्ये डॉक्टर झाले आणि 1975 ते 2005 ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत राहिले, हे खरेच. चित्रकला मात्र ते कोणत्याही कलाशाळेत न जाता स्वतः शिकले. परंतु शरीररचनेचे ज्ञान सगळ्याच डॉक्टरांना असते. 1977 च्या ‘इराणी रेस्टॉरंट’मधील माणसाला जे वजन आहे, ते मार्क्सवादी विचारांतून आलेल्या कष्टकऱ्यांविषयीच्या आस्थेचे आहे, असे मला वाटते. चित्रकलेत अमूर्ततेचा दबदबा असताना 1981 च्या, माणसाला चित्रात स्थान देणाऱ्या ‘प्लेस फॉर पीपल’ प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख आदी चित्रकारांबरोबर त्यांनी सहभाग घेतला, तोही या आस्थेशी सुसंगतच होता. पुढे 2001 च्या ‘लोअर परेल’मध्ये गिरणगावाचा बदलता परिसरच चित्राचा विषय झाला आणि माणसे त्या पसाऱ्यात आकाराने लहान होत गेली, हा बदल शरीरशास्त्राच्या आधारे कसा समजावून सांगणार?