किटकॅट फ्यूजऐवजी डीबी बसवला, पण आरसीसीबी टिकत नाही

प्रश्न : कऱ्हाडची सून

आमचे घर १९८६ साली बांधलेले आहे. वायरिंग त्या काळातील ॲल्युमिनियमच्या तारांचे असून लाकडी पट्ट्यांवर क्लिपा मारून भिंतींवरून फिरवलेले आहे. एसी किंवा गीझर लावला की दिवे मंद होत आणि उन्हाळ्यात किटकॅटमधली तार आठवड्यातून एकदा तरी जळे, म्हणून गेल्या पंधरवड्यात लाकडी बोर्ड काढून आठ सर्किटांचा डीबी (वीज वाटणारी पेटी) बसवून घेतला. त्यात ६३ अँपिअरचा मुख्य एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप बंद होणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाल्यास आपोआप बंद होणारा स्विच) आहे. मीटरपासून डीबीपर्यंतची तार मात्र जुनीच, ४ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियमची ठेवली आहे.

अडचण अशी, की कोणत्याही खोलीतला दिवा लावताच आरसीसीबी पडतो, म्हणजे आपोआप बंद होतो, मात्र गीझर चालवला तर पडत नाही. वायरमनदादांनी शेवटी "जुन्या घराला हा चालत नाही" असे सांगून तो बाजूला काढला आणि तारा थेट जोडून दिल्या. आता सारे सुरळीत चालते, पण मनाला पटत नाही. दुसरा एसी घेण्याचाही विचार आहे. हे असेच ठेवणे योग्य ठरेल का?

उत्तर १ : निवृत्त विद्युत अभियंता, नाशिक

ताई, आरसीसीबी पडत होता याचा अर्थ तो आपले काम करत होता, त्यामुळे तो काढणे चुकीचे झाले. मात्र त्याआधी ६३ अँपिअरविषयी बोलतो, कारण धोका तिथे अधिक आहे.

एमसीबी हा उपकरणासाठी नसून तारेसाठी असतो. ठरावीक मानकानुसार बनवलेला एमसीबी त्याच्या क्षमतेच्या १.१३ पट प्रवाहावर तासभर पडत नाही आणि १.४५ पटीवर तासाभराच्या आत पडलाच पाहिजे. म्हणजे ६३ चा एमसीबी ७० अँपिअर सहज वाहू देईल आणि ९१ अँपिअरलाही पडायला बराच वेळ घेऊ शकेल. आपली ४ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार २० अँपिअरच्या आसपास थकते. पूर्वी किटकॅटमधली तार जळत होती. आता तिच्या जागी लाकडी पट्टीवरची तार जळेल आणि एमसीबी मख्खपणे चालू राहील. पेटी नवी झाली, पण संरक्षण मात्र पूर्वीपेक्षा कमी झाले.

भाराचा हिशेब आपणच करून पाहावा. दीड टनाचा एसी साधारण साडेसात अँपिअर घेतो, २००० वॉटचा गीझर पावणेनऊ, तेवढ्याच वॉटची इंडक्शन शेगडी पावणेनऊ, एक अश्वशक्तीचा पंप सहा-साडेसहा आणि इस्त्री चार-साडेचार. ही बेरीज ३५ च्या पुढे जाते आणि दुसऱ्या एसीमुळे ती ४३ च्या आसपास पोहोचेल. सर्व उपकरणे एकाच वेळी चालत नाहीत हे खरे, पण सकाळी सात वाजता पंप, गीझर आणि शेगडी एकत्र चालतातच. माझ्या मते मीटरपासून १० चौरस मिलिमीटर तांब्याची तार टाकावी आणि मुख्य एमसीबी ४० चा ठेवावा. दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर, पॉवर पॉइंटला २.५, एसी आणि गीझरला प्रत्येकी स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तार असावी. ॲल्युमिनियमला तांबे नुसते पीळ देऊन जोडू नये, कारण तो सांधा कालांतराने सैल होऊन तापतो.

आरसीसीबी का हवा, तेही सांगतो. घराच्या अर्थिंगचा रोध १० ओहम असेल आणि गीझरच्या पत्र्यात वीज उतरली, तर २३० भागिले १० म्हणजे जेमतेम २३ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. एवढ्यावर १६ चा एमसीबीसुद्धा लगेच पडत नाही आणि तोवर पत्र्यात वीज राहते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र एवढ्या गळतीला लगेच पडतो.

उत्तर २ : परवानाधारक वायरमन, इचलकरंजी

वरील मताशी मी सहमत आहे. दोष कुठे आहे, याचा अंदाज आपल्याच मजकुरात आहे. गीझरला पडत नाही आणि प्रत्येक दिव्याला पडतो, म्हणजे दिव्यांचा फेज आरसीसीबीच्या आधीहून आणि न्यूट्रल त्याच्या नंतर येत असावा. घरात इन्व्हर्टर आहे का? तो पूर्वी थेट मेन स्विचवरून जोडला असेल, तर हाच प्रकार आहे. आरसीसीबी जाणारा आणि परतणारा प्रवाह सारखा आहे का एवढेच पाहतो. फरक ९ वॉटच्या एका एलईडी दिव्याइतका, म्हणजे ३९ मिलिअँपिअर असला, तरी तो पडणारच.

इन्व्हर्टर नसेल, तर न्यूट्रल आणि अर्थ कुठेतरी एकत्र टेकले आहेत का ते शोधावे लागेल. पुष्कळजण एकेक एमसीबी बंद करून पाहतात, पण एकपोली एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, म्हणून दोष सापडत नाही. न्यूट्रल लिंकमधून (डीबीतल्या, सर्व न्यूट्रल तारा एकत्र जोडलेल्या पट्टीतून) एकेक तार सोडवून पाहावे. त्यानंतर सर्व दिवे आणि प्लग काढून, फेज व न्यूट्रल एकत्र करून, त्यांच्यात आणि अर्थमध्ये ५०० व्होल्टचा मेगर (तारेच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र) लावावा. वाचन एक मेगाओहमच्या खाली आले, तर ते सर्किट बदलावे. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून अर्थिंग तपासण्याची आमच्या लोकांची सवय आहे, पण आरसीसीबी असताना तसे केल्यास तो पडतो आणि विनाकारण बदनाम होतो.

उत्तर ३ : पुण्याहून

आपल्या वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो पाहावा. दुसरा एसी घेण्याआधी महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा आणि परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल जोडावा. मीटरचे सील आपल्या वायरमनला उघडू देऊ नये. शक्य असल्यास दोन आरसीसीबी लावावेत, म्हणजे बाथरूममधल्या गळतीने फ्रिज बंद पडत नाही. मात्र प्रत्येकाचा न्यूट्रल लिंक वेगळा हवा.

प्रश्नकर्ती

इन्व्हर्टर आहे आणि त्याची तार खरोखरच मेन स्विचवरून गेलेली निघाली. काल दुसऱ्या वायरमनकडून ती डीबीतल्या स्वतंत्र एमसीबीवर घेतली आणि आरसीसीबी परत जोडला. दिवे लागले, तो पडला नाही. टेस्टचे बटण दाबल्यावर लगेच पडला. मेगरमध्ये मागच्या अंगणातल्या दिव्याचे सर्किट ०.२ मेगाओहम आले, म्हणून ते तूर्त सोडवून ठेवले आहे. १० चौरस मिलिमीटरची तार येईपर्यंत मुख्य एमसीबी २० चा लावून घेतला असून गीझर आणि शेगडी आळीपाळीने चालवत आहोत. दुसऱ्या एसीची खरेदी भारवाढ मंजूर होईपर्यंत थांबवली आहे.