मोनॅडनॉक : सांगाडा नसलेला उंच भिडू
धातूच्या सांगाड्यावर, म्हणजे खांब-तुळयांच्या चौकटीवर भार पेलणारी पहिली उंच इमारत म्हणून शिकागोच्या होम इन्शुरन्स बिल्डिंगचं नाव घेतात (१८८५, वास्तुकार विल्यम ले बॅरन जेनी, १९३१ मध्ये पाडली), ते ठीकच. पण मला तिच्यापेक्षा त्याच गावातली मोनॅडनॉक ही इमारत जास्त आवडते, आणि ती आजही उभी आहे.

तिचा उत्तरेकडचा अर्धा भाग १८९१ चा, वास्तुकार बर्नहॅम आणि रूट यांचा. १६ मजले, आणि मुख्य भार बाहेरच्या विटांच्या भिंतींवर! तळाशी भिंती ६ फूट जाड. किल्ल्याचा तटच म्हणा ना. एवढी जागा भिंतींनीच खाल्ली तर भाड्याने द्यायला उरणार काय? शिकागोची जमीन म्हणजे मऊ चिकणमाती. खडकापर्यंत न जाता काँक्रीटमध्ये पोलादी रूळ घालून पसरट पाया केला, तरी इमारत सुमारे २० इंच खचली. थोडी खचणार हे धरलेलं होतं, पण इतकी नाही.

बाहेर नक्षी जवळपास शून्य. मालक ब्रूक्स बंधू बोस्टनचे, हिशेबी. कोनाड्या-कंगोऱ्यांत कबुतरं नि धूळ साचते, म्हणून नकोच म्हणाले. रूटने मग भिंतीलाच तळाशी आणि माथ्याला हलका बाक दिला. तो बिचारा १८९१ च्या जानेवारीतच गेला, पुरी झालेली इमारत त्याने पाहिलीच नाही.

गंमत पुढे आहे. दोनच वर्षांनी होलाबर्ड आणि रोश या वास्तुकारांनी दक्षिणेचा अर्धा भाग जोडला, तो पोलादी सांगाड्यावर. म्हणजे जुनी पद्धत आणि नवी, एकाच इमारतीत शेजारी शेजारी.